महासंगणक आला, आज्ञावली कोणाची?

(पुणे येथे एका विज्ञान व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



निमंत्रण देण्यासाठी कार्यकर्ते घरी आले, तेव्हा त्यांनी मला विषय सुचविला होता ‘भारताचे महासंगणक’. मी त्यांना विनंती केली की, महासंगणकावर बोलणारे वक्ते आपल्याला पुष्कळ मिळतील. मला त्या यंत्राच्या पोटात चालणाऱ्या आज्ञावलीवर बोलू द्या. ते थोडे साशंक झाले. श्रोते कंटाळतील, असे त्यांना वाटले असावे. ती जबाबदारी मी आज स्वतःच्या शिरावर घेतली आहे.

आग्रहाचे कारण सांगतो. आपल्या पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. १९६२ साली स्थापन झालेली ही संस्था पुणेकरांना आयआयटीएम या नावाने अधिक परिचित आहे. तेथे गेल्या काही वर्षांत ‘पृथ्वी’, ‘आदित्य’, ‘प्रत्यूष’ आणि आता ‘अर्क’ असे एकामागून एक महासंगणक आले. ‘प्रत्यूष’ जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा त्याची क्षमता ४ पेटाफ्लॉप होती. म्हणजे सेकंदाला चार हजार लक्ष कोटी गणिती क्रिया. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांत छायाचित्रे आली आणि तुम्हाआम्हाला अभिमान वाटला, तो योग्यच होता. परंतु यंत्र पाच-सात वर्षांत जुने होऊन मोडीत निघते. त्यावर चालणारी आज्ञावली मात्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहते. हवामानाच्या काही प्रारूपांत आजही ऐंशीच्या दशकात लिहिलेल्या फोरट्रानच्या ओळी जशाच्या तशा नांदत आहेत. ज्याचे आयुष्य अधिक, त्याची विचारपूस आपण कमी करतो.

या आज्ञावलीशी सामान्य माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारील. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना २००२ चा जुलै आठवत असेल. पेरण्या झाल्या आणि पावसाने तोंड फिरविले. देशभरात त्या महिन्यात सरासरीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस झाला. चार महिन्यांची एकूण तूट १९ टक्क्यांवर गेली. ज्यांनी कर्ज काढून बियाणे घेतले होते, त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी आली. त्या वर्षी अंदाज मात्र सर्वसाधारण पावसाचा होता. तो सोळा घटकांच्या सांख्यिकी सूत्रावर आधारलेला होता. युरेशियातील बर्फ, प्रशांत महासागराचे तापमान अशा सोळा गोष्टींचा पावसाशी पूर्वी जो संबंध दिसला, तो पुढेही टिकेल असे गृहीत धरणारे हे सूत्र १९८८ पासून वापरात होते. ही परंपरा जुनी आहे. हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्येच दिला होता आणि पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी सांख्यिकीचा पाया घातला. परंतु भूतकाळातील संबंध निसर्गावर बंधनकारक नसतात, हे २००२ ने फार महागात शिकविले.

दुसरा मार्ग असा की, संबंध शोधत न बसता वातावरण आणि समुद्र यांचे वर्तन भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी प्रत्यक्ष सोडवावयाचे. पृथ्वीवर एक काल्पनिक जाळी टाकावयाची, तिच्या प्रत्येक चौकोनात आणि प्रत्येक थरात हवेचा वेग, तापमान, बाष्प यांची आकडेमोड करीत काही मिनिटांनी पुढे सरकावयाचे, आणि असे चार महिने चालावयाचे. यालाच संगणकावरील प्रारूप किंवा मॉडेल म्हणतात. २०१२ मध्ये भारत सरकारने ‘मान्सून मिशन’ सुरू केले ते याच मार्गाने जाण्यासाठी. त्यासाठी निवडलेले प्रारूप होते अमेरिकेच्या हवामान केंद्राचे ‘सीएफएस’, आवृत्ती दुसरी.

हे प्रारूप एकसंध नाही. ते जोडून केलेले आहे, आणि माझा आजचा विषय हा जोड आहे.

घटक आणि सांधे

त्यात वातावरणाचा घटक एका संस्थेचा, महासागराचा घटक प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेचा, जमिनीचा वेगळा आणि समुद्रावरील बर्फाचा वेगळा. असे का केले? एकाच आज्ञावलीत सारे का लिहिले नाही? कारण ही क्षेत्रे स्वभावानेच निराळी आहेत. हवा काही तासांत बदलते, समुद्राच्या पोटातील पाणी वर्षानुवर्षे हलत नाही. वातावरणाला सीमा नाहीत, समुद्राला किनारे आहेत. जाळ्याही भिन्न आहेत. मूळ ‘सीएफएस’मध्ये वातावरणाची जाळी सुमारे १०० किलोमीटरची, तर महासागराची अर्ध्या अंशाची आणि विषुववृत्तालगत दक्षिणोत्तर दिशेने पाव अंशाची. शिवाय ढगांचा जाणकार आणि सागरी प्रवाहांचा जाणकार ही सहसा दोन माणसे असतात, बहुधा दोन देशांतली. त्यांना एका खोलीत बसवून लाखो ओळी लिहून घेणे कोणालाच जमलेले नाही. म्हणून प्रत्येकाने आपला घटक लिहावा, त्याच्या आत काय चालते ते स्वतःपुरते ठेवावे आणि बाहेर केवळ एक ठरलेला सांधा उघडा ठेवावा, ही पद्धत आली.

बाजारातून दिवा आणताना त्याच्या आत कोणती तार आहे, हे आपण पाहत नाही. तो आपल्या होल्डरमध्ये बसतो की नाही एवढेच पाहतो. सॉफ्टवेअरचेही असे तयार सुटे भाग असावेत, ही कल्पना डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत मांडली. त्यानंतर चार वर्षांनी डेव्हिड पार्नास यांनी आज्ञावलीचे तुकडे कोणत्या निकषावर पाडावेत, याची चर्चा केली. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका घटकाच्या आत लपवून ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. आकडेमोड करणाऱ्या शास्त्रज्ञांकडे हा विचार सावकाश आला. १९९८ च्या सुमारास अमेरिकेतील राष्ट्रीय प्रयोगशाळांनी एकत्र येऊन वैज्ञानिक आज्ञावलींसाठी घटकांची समान रचना आखावयास घेतली, आणि २००२ मध्ये ‘नासा’च्या पाठबळावर पृथ्वी-प्रारूपांसाठी ‘ईएसएमएफ’ नावाची चौकट उभी राहू लागली. युरोपात त्याआधीच, १९९१ पासून, फ्रान्समधील तूलूज येथे ‘ओअॅसिस’ नावाच्या जोडणी-आज्ञावलीवर काम सुरू झाले होते.

आता दिव्याच्या उपमेतला दोषही सांगितला पाहिजे. होल्डरमध्ये दिवा बसला की काम संपते. आज्ञावलीत घटक बसतो आणि तरीही चुकतो. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून ‘एरियान ५’ हे अग्निबाण प्रथमच उडाले आणि चाळीस सेकंदांच्या आत दिशा सोडून नष्ट झाले. त्यात ‘एरियान ४’मधून उचललेला आज्ञावलीचा एक घटक होता. तो जुन्या अग्निबाणावर निर्दोष चालला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक होता; त्या वेगाशी निगडित असलेली एक संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे ३२,७६७ च्या मर्यादेत, मावली नाही. अधिक खेदाची गोष्ट अशी की, ती आकडेमोड उड्डाणानंतर आवश्यकही नव्हती. घटकात दोष नव्हता; ‘मी अमुक वेगापर्यंतच खरा आहे’ ही त्याची अट सांध्यावर लिहिलेली नव्हती. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मंगळाकडे गेलेले अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हरवले, तेही सांध्यावरच. एका बाजूची आज्ञावली आवेग पौंडांच्या एककात देत होती आणि दुसऱ्या बाजूची तो न्यूटनच्या एककात समजत होती.

हवामानाच्या प्रारूपात असे सांधे शेकडो असतात. वातावरणाचा घटक पाऊस सांगतो दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती किलो. महासागराच्या घटकाला कदाचित हवी असते गोड्या पाण्याची मीटरमधली उंची. गुणक हजाराचा. वातावरणाचा जाणकार वर जाणाऱ्या उष्णतेला अधिक चिन्ह देतो, समुद्राचा जाणकार खाली येणाऱ्या उष्णतेला. दोघेही बरोबर असतात.

एक जुनी चूक

या अधिक-उणे चिन्हाने मला जे शिकविले, ते सांगतो. फार वर्षांपूर्वी मी एका संस्थेत अशाच जोडणीच्या कामावर होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; चूक जितकी इतरांची तितकीच माझी होती. समुद्र आणि हवा यांच्यामध्ये उष्णतेची देवाणघेवाण चार वाटांनी होते: सूर्यप्रकाश, अवरक्त प्रारण, बाष्पीभवन आणि प्रत्यक्ष स्पर्श. यांपैकी शेवटची वाट उष्ण कटिबंधात अगदी लहान असते, चौरस मीटरला साधारण दहा वॅट. आमच्या जोडणीत नेमके तिचेच चिन्ह उलटे लागले होते. समुद्राने जी उष्णता गमवावयाची, ती तो कमावत होता.

मोठ्या वाटेचे चिन्ह चुकले असते तर दुसऱ्याच दिवशी समुद्र उकळावयास लागला असता आणि आम्ही हसून चूक सुधारली असती. ही चूक लहान होती, म्हणून टिकली. समुद्र थोडा अधिक उबदार येत होता, एवढेच. आम्ही काय केले? ढगांच्या घटकात काही स्थिरांक असे असतात की जे निरीक्षणातून अचूक मिळत नाहीत, त्यांना थोडे मागेपुढे करण्याची मुभा असते. आम्ही ढग किंचित वाढविले. सूर्यप्रकाश कमी पोहोचला, समुद्र जागेवर आला, नकाशे सुंदर दिसू लागले. आमच्या वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पुढे वर्षभराने एका नव्या मुलीने, जिचे नाव मी तिच्या परवानगीशिवाय घेणार नाही, सांध्यावर एक साधा जमाखर्च लिहिला. वातावरणाने दिले किती, समुद्राला मिळाले किती. हिशेब जुळेना. दोन दिवसांत तिने उलटे चिन्ह शोधून काढले. आम्ही ते सुलटे केले आणि प्रारूप अधिक वाईट झाले! समुद्र थंडगार पडला, कारण ढग तर आम्ही चुकीला अनुरूप असे वाढवून ठेवले होते. तेव्हा बैठकीत एक प्रस्ताव खरोखर आला की, चिन्ह पुन्हा उलटे करावे, अंदाज तरी चांगला येत होता. तो प्रस्ताव फेटाळण्यासाठी फार वाद घालावा लागला आणि त्यानंतर सहा महिने ढगांचे काम नव्याने करावे लागले. त्या मुलीच्या नावावर या कामाचा एकही शोधनिबंध नाही. जमाखर्च जुळविला, या शीर्षकाचा निबंध कोणते नियतकालिक छापील?

एवढ्या लहान चुकांचे एवढे काय, असे वाटेल, म्हणून एक हिशेब मांडतो. तो तुम्ही घरी करून पाहू शकाल. समजा, सांध्यावर चौरस मीटरला केवळ एक वॅट उष्णता वाढीव शिरते. एका वर्षात सुमारे तीन कोटी पंधरा लक्ष सेकंद. शंभर वर्षांत चौरस मीटरमागे सुमारे ३१५ कोटी ज्यूल झाले. खाली १००० मीटर खोल पाण्याचा स्तंभ धरला, तर तो एक अंशाने तापविण्यास सुमारे ४१० कोटी ज्यूल लागतात. म्हणजे एका वॅटच्या गळतीने शंभर वर्षांत तो सारा स्तंभ पाऊण अंशाने तापला. जागतिक तापमानवाढीचा अभ्यास करावयाचा, तर शोधावयाची गोष्ट याच आकाराची असते. चोर आणि शिपाई एकाच उंचीचे!

सैद्धांतिक दृष्टीने ही अडचण फार आधी दिसली होती. वातावरण आणि महासागर प्रथम जोडले ते स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी, प्रिन्स्टन येथे, १९६९ मध्ये. (मानाबे यांना पुढे २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) त्यानंतरची पुष्कळ वर्षे जोडलेली प्रारूपे हळूहळू भरकटत जात आणि त्यांना ताळ्यावर ठेवण्यासाठी सांध्यावर कृत्रिम उष्णता आणि कृत्रिम गोडे पाणी ओतले जाई. हा उपाय नव्वदच्या दशकापर्यंत सर्रास चालू होता, आणि तो लपविलेलाही नव्हता. १९९६ मध्ये अमेरिकेतील ‘एनसीएआर’च्या प्रारूपाने असे काही न ओतता दीर्घ काळ स्थिर राहून दाखविले. त्यात जोडणीसाठी स्वतंत्र घटक होता. तो कोणत्याही एका शास्त्राचा नव्हता. त्याचे काम हिशेब ठेवण्याचे. एका जाळीच्या चौकोनाचा किती भाग दुसऱ्या जाळीच्या कोणत्या चौकोनावर पडतो, त्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात उष्णता वाटावयाची आणि वाटून झाल्यावर बेरीज तीच राहिली पाहिजे.

किनाऱ्यावर हे विशेष अवघड होते. १०० किलोमीटरचा चौकोन कोकणावर ठेवून पाहा. त्यात थोडा अरबी समुद्र येतो, सबंध कोकणपट्टी येते, सह्याद्री येतो आणि देशावरची जमीनही येते. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसात कित्येक पटींचा फरक आहे. या चौकोनाला तो ठाऊकच नाही. तापलेल्या जमिनीची आणि समुद्राची सरासरी काढून ती समुद्राला दिली, तर समुद्र फसतो. म्हणून जमिनीचा भाग वेगळा, पाण्याचा वेगळा असा हिशेब सांध्यावर ठेवावा लागतो. वेळेचेही तसेच. ‘सीएफएस’च्या पहिल्या आवृत्तीत हवा आणि समुद्र दिवसातून एकदा एकमेकांशी बोलत, दुसऱ्या आवृत्तीत दर अर्ध्या तासाने बोलू लागले. दुपारी तापणारा आणि रात्री निवणारा समुद्राचा पृष्ठभाग पहिल्या आवृत्तीच्या वातावरणाला कधी दिसलाच नव्हता.

वेगाचा प्रश्न

आता कोणी म्हणेल, सांधे नीट लिहा म्हणजे झाले. पण महासंगणकावर प्रत्येक सांध्याची किंमत मोजावी लागते. जाळीची वीण दुप्पट बारीक केली की पूर्व-पश्चिम दुप्पट, उत्तर-दक्षिण दुप्पट चौकोन आणि वेळेची पावले निम्मी, म्हणून काम आठपट होते. हे काम हजारो प्रोसेसरांत वाटून दिलेले असते. त्यात सांध्यावरचे शेकडा पाच काम जरी वाटता न येण्यासारखे राहिले, तरी हिशेब सांगतो की प्रोसेसर कितीही लावा, वेग वीस पटींच्या पुढे जाणार नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखविलेला हा नियम कोणत्याही सरकारला अनुदान वाढवून मोडता येत नाही.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे चित्र संगणकाच्या आधीच पाहिले होते. १९२२ च्या आपल्या ग्रंथात त्याने एका विशाल गोल सभागृहाची कल्पना केली आहे. चौसष्ट हजार माणसे आपापल्या प्रदेशाची आकडेमोड करीत आहेत, निकाल शेजाऱ्याला दाखवीत आहेत आणि मध्ये उंच चौथऱ्यावर बसलेला प्रमुख पुढे धावणाऱ्यांवर एका रंगाचा प्रकाश टाकतो, मागे पडणाऱ्यांवर दुसऱ्या रंगाचा. त्याने स्वतः हाताने केलेला सहा तासांचा अंदाज पार फसला होता. वायुभार १४५ मिलिबारने बदलेल असे उत्तर आले आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. तरीही त्याला हे दिसले होते, याचे मला आजही नवल वाटते. आजच्या प्रारूपात वातावरण काही प्रोसेसरांवर आणि महासागर वेगळ्या प्रोसेसरांवर एकाच वेळी चालतात. अर्ध्या तासाच्या भेटीला एक आधी पोहोचला तर दुसऱ्याची वाट पाहत बसतो आणि तोवर वीज जळत राहते. कोणाला किती प्रोसेसर द्यावेत हे ठरविणे म्हणजे त्या चौथऱ्यावर बसणेच होय.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. घटक फार बारीक पाडले तर सांध्यावरून ये-जा करण्यातच वेळ जातो. एका वेळी एका चौकोनाचे तापमान विचारणे म्हणजे किराणा आणण्यासाठी एकेका जिनसेला वेगळी खेप घालणे. म्हणून उच्च क्षमतेच्या आज्ञावलीत सांधा ओलांडताना पूर्ण पत्रकच, लाखो आकडे एकदम, न्यावे लागते. शक्य असेल तेथे नक्कल न करता ते कोठे ठेवले आहे एवढेच सांगावे लागते. संगणकशास्त्राच्या वर्गात शिकविलेली सुबक रचना येथे जशीच्या तशी चालत नाही, आणि हे न समजल्यामुळे पुष्कळ चांगल्या अभियंत्यांची आणि शास्त्रज्ञांची आपसात जुंपते. दोघांचेही खरे असते.

घटकांची ही शिस्त केव्हा उपयोगी पडते, ते स्वित्झर्लंडच्या हवामान सेवेने दाखविले. २०१६ मध्ये त्यांनी आपले दैनंदिन प्रारूप चित्रप्रक्रियेसाठी जन्मलेल्या ‘जीपीयू’ यंत्रांवर आणले. सारे काही पुन्हा लिहिण्याच्या भरीस ते पडले नाहीत. हवेच्या गतीचा गाभा नव्या भाषेत नव्याने लिहिला. ढग, प्रारण यांसारखे भाग जुन्या फोरट्रानमध्येच ठेवून त्यांत यंत्राला दिशा देणाऱ्या सूचना घातल्या. हे शक्य झाले, कारण गाभा कोठे संपतो आणि बाकीचे कोठे सुरू होते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडचे महासंगणक जसजसे या जातीचे होत जातील, तसतसा हाच प्रश्न आपल्या दाराशी उभा राहील.

उघडून पाहण्याचा अधिकार

आता या साऱ्याचा आपल्याशी संबंध. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो महासंगणक नाकारला आणि कमी क्षमतेचा दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. ही कथा येथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. तिच्यातून आपण असा बोध घेतला की, यंत्र आपले असले पाहिजे. तो बोध अपुरा आहे. आज जे प्रारूप आपण चालवितो त्याचे कित्येक घटक बाहेरून आलेले आहेत. यात कमीपणा काही नाही. ते खुले आहेत, जगातील अनेक देश ते वापरतात, आणि महासागराचे प्रारूप पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिण्यात मी माझ्या देशाची दहा वर्षे घालविणार नाही. काही मित्रांना हे स्वदेशीच्या विरुद्ध वाटते. मला तसे वाटत नाही. माझा प्रश्न इतकाच असतो की, तो घटक उघडून, समजून, बदलून परत बसविणारी माणसे आपल्याकडे आहेत का?

होती, म्हणून काय झाले ते पाहा. ‘सीएफएस’ जेव्हा येथे चालवून पाहिले, तेव्हा भारताच्या भूमीवर ते पाऊस कमी दाखवीत असे. ज्यांनी ते लिहिले, त्यांची पहिली काळजी अमेरिकेच्या हवामानाची होती. आपला मोसमी पाऊस ही त्यांची पोटापाण्याची गोष्ट नव्हे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी वातावरणाच्या घटकाची जाळी सुमारे ३८ किलोमीटरपर्यंत बारीक केली, ढग आणि बर्फ यांच्या मांडणीवर काम केले. त्याच्याही पुढचे पाऊल म्हणजे दीर्घ काळाच्या अभ्यासासाठी त्यांनी महासागराचा जुना घटक काढून त्याच कुळातला नवा घटक बसविला, ज्यात सागरातील जैव-रासायनिक चक्रेही होती. ऋतूच्या अंदाजासाठी घेतलेले प्रारूप शतकभर चालवावयाचे, तर मघाचा तो एका वॅटचा हिशेब आडवा येतो. पहिल्या आवृत्तीत पृथ्वीवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या ऊर्जेचा मेळ बसत नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत तो बसविला. त्या कामाला जी वर्षे लागली ती लागली, परंतु ‘आयआयटीएम-ईएसएम’ हे प्रारूप ‘सीएमआयपी-६’ या जागतिक प्रारूपांच्या प्रकल्पात सहभागी झालेले भारतातील पहिले प्रारूप ठरले. आणि २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही ६ किलोमीटरच्या जाळीची प्रणाली देशाच्या सेवेत आली. तिच्यासाठी वातावरणाच्या घटकाची जाळीच नव्या प्रकारे मांडण्यात आली. सहा किलोमीटरच्या चौकोनाला सह्याद्री दिसतो.

यंत्र विकत घेऊन यातले काहीही झाले नसते. यंत्र तर त्या आधीही होते.

येथेच माझी चिंता आहे, आणि ती मी स्पष्ट बोलतो. आपल्याकडे महासंगणकासाठी निविदा निघते, त्याला अर्थसंकल्पात शीर्षक असते, उद्घाटनाला फीत असते. सांध्यावर बसून जमाखर्च जुळविणाऱ्या माणसाला शीर्षक नाही. तो बहुधा प्रकल्पावरचा तात्पुरता कर्मचारी असतो. त्याच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात आणि त्याचे काम निबंधात मावत नाही. तीन वर्षांनी तो बंगळुरूच्या एखाद्या कंपनीत किंवा थेट परदेशात जातो. त्याला दोष देता येत नाही, घरी त्याचेही आईवडील आहेत. त्याच्याबरोबर, अमुक स्थिरांक अमुक का ठेवला, याचे ज्ञान निघून जाते. मागे राहणारा मुलगा तो स्थिरांक बदलण्यास भितो. मग घटक खुला असूनही बंद होतो. परकी बंदी यंत्रावर घालता येते; ही बंदी आपली आपणच घालून घेतो.

मी ज्या मुलीचा उल्लेख केला, तीही अशीच गेली. आज ती परदेशातील एका हवामान केंद्रात नेमके हेच काम कायमच्या पदावर करते. तेथे जोडणी-घटक सांभाळणाऱ्यांचा स्वतंत्र गट आहे आणि त्यांचे मूल्यमापन निबंधांवर होत नाही, आज्ञावली किती जणांनी विश्वासाने वापरली यावर होते. गेल्या वर्षी ती भेटली, तेव्हा तिने मला विचारले, “सर, आपला तो जमाखर्च अजून चालू आहे का हो?” मी चौकशी केली. यंत्र बदलताना ती आज्ञावली नव्यावर न्यावयाची राहून गेली होती. कोणाच्या यादीतच नव्हती. दोन तरुणांनी जुन्या फितीवरून ती शोधून काढली आहे आणि सध्या रात्री, इतर कामे आटोपल्यावर, ती चालू करण्याचा त्यांचा प्रयत्न आहे. त्यांपैकी एक जण आज येथे मागच्या रांगेत बसला आहे. कृत्रिम प्रज्ञेने आता समीकरणे न सोडविता अंदाज देता येतो, मग हे सारे कशाला, असे त्याला घरी विचारतात, असे तो सांगत होता. ती प्रज्ञा ज्या चाळीस-पन्नास वर्षांच्या आकड्यांवर शिकते, ते आकडे याच प्रारूपांनी निरीक्षणे एकत्र बांधून तयार केलेले असतात, हे त्याने त्यांना सांगावे.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठविली आहे. प्रश्न असतील तर अवश्य विचारा; आज्ञावलीसंबंधीचे असतील तर त्या मागच्या रांगेतल्या तरुणालाही पुढे बोलवू.